संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील न्याय आणि आशा जोडून कशी वाचावी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी मंडळींबरोबर पवित्र शास्त्राचा (बायबलचा) अभ्यास करताना मला एक अडचण वारंवार जाणवते. संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांच्या, ग्रंथांत देवाच्या कोपाची वचने आली की लोक खाली मान घालून ऐकतात आणि आशेची वचने तेवढी भिंतीवर लावायला निवडून घेतात. अशा वाटणीत दोन्हींचा अर्थ हरवतो. म्हणून वाचनाची पुढील रीत सुचवतो.

प्रथम काळ पाहावा. आमोस आणि होशेय हे संदेष्टे इ.स.पू. आठव्या शतकात उत्तरेकडील इस्राएल राज्यात बोलले, आणि त्याची राजधानी शोमरोन इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरांच्या हाती पडली. संदेष्टा यिर्मया दक्षिणेकडील यहूदा राज्यातला, त्याची राजधानी यरुशलेम हिचा इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने केलेला विध्वंस त्याने स्वतः पाहिला. वहीत एवढे टिपले की पुरे.

मग आरोप नेमका कोणता, हे शोधावे. आमोसाच्या आठव्या अध्यायातील व्यापारी धान्याचे माप लहान ठेवतात, गिऱ्हाइकाची चांदी तोलण्याचे वजन जड ठेवतात आणि वर गव्हाचा केरही विकतात, म्हणजे एकाच सौद्यात गरिबाला तीनदा लुबाडतात. भात विकणाऱ्या किंवा ऊस काट्यावर नेणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. देवाचा कोप अशा ठरावीक अन्यायावर आहे, हे एकदा ध्यानात आले की ती वचने नुसती भीती घालणारी वाटत नाहीत.

यानंतरची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. शिक्षेत जे हिरावले जाणार आहे, ते आशेच्या वचनात परत कुठे येते, हे वहीत समोरासमोर लिहावे. आमोसाच्या पाचव्या अध्यायात गरिबांना तुडवणाऱ्यांना सांगितले आहे की तुम्ही द्राक्षमळे लावलेत, पण त्यांचा द्राक्षारस पिणार नाही. नवव्या अध्यायात लोक द्राक्षमळे लावतील आणि त्यांचा द्राक्षारस पितील. काही अभ्यासक हा शेवटचा भाग नंतरच्या काळातला मानतात. तसे धरले तरी तो लिहिणाऱ्याने आधीच्या शिक्षेचेच शब्द उचलले आहेत, हे नजरेआड करू नये.

आशा खरी की खोटी, हेही तपासावे. यिर्मयाच्या काळातला खोटा संदेष्टा हनन्या म्हणाला, बाबेलला नेलेली मंदिराची पात्रे दोन वर्षांत परत येतील. यिर्मयाने बाबेलला नेलेल्या बंदिवानांना सत्तर वर्षांची मुदत सांगितली आणि तिथेच घरे बांधून राहायला कळवले. जी आशा अपराधाचे नावच काढत नाही, तिच्याकडे सावधपणे पाहावे.

शेवटी यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय एका बैठकीत, मोठ्याने वाचावा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्यांच्या अनाथोथ गावातले शेत विकायला येतो. यिर्मया सतरा शेकेल (शेकेल हे वजनाचे माप) रुपे तोलून देतो, खरेदीखत लिहून त्यावर मोहोर करतो, साक्षीदार घेतो, आणि मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. आपल्या सीमाभागात जमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळतो आणि कित्येक मराठी घरांत तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. तरीही ती कागदे पेटीच्या तळाशी किती जपून ठेवलेली असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते भांडे डोळ्यांसमोर आणताना त्या पेटीची आठवण करावी.

व्यवहार आटोपल्यावर यिर्मया स्वतःच गोंधळून प्रार्थना करतो: शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलकरांच्या, हाती चालले आहे, आणि तू मला शेत विकत घे म्हणतोस. देवाचे उत्तर पुढच्याच वचनांपासून सुरू होते. ते वाचण्यापूर्वी वर्गाने थोडा वेळ थांबावे आणि हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या शब्दांत वहीत लिहावा.