गिटारची खरखर: अँपला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

चतुर्थी जवळ आली की माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार शिकायला येणाऱ्या पोरांची एकच तक्रार असते. "सर, ह्या अँपाक कायतरी झाला, खरखरता."

अँपाक काय एक झालेला नसतो. आवाज वाढवा आणि तारांना हात न लावता गप्प बसा. तरीही घूं-घूं चालू राहिली तर वायर, अर्थिंग, मांडवातलं वायरिंग बघायचं, तो वेगळा विषय. पण वाजवायला लागल्यावरच टकटक, खरखर येत असेल तर दोष बहुतेक वेळा तुमच्या उजव्या हातात असतो. हे ऐकून निम्म्या पोरांची तोंडं पडतात, कारण त्यांच्या मनात नवं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाखालची डबी, घ्यायचं असतं.

आधी बेंजोचा हात. आमच्याकडची बरीच मुलं बेंजो पार्टीतून गिटारकडे येतात. बेंजोवर डाव्या हाताने कळा दाबायच्या आणि पिकने, म्हणजे तार छेडायच्या प्लास्टिकच्या चकतीने, तारा झोडायच्या. मिरवणुकीत ते शोभतं. गिटारवर तोच हात चालवला की खोबरं किसल्यासारखा आवाज येतो. ही उपमा माझी नाही, माझ्यावरच मारलेली आहे. वेंगुर्ल्याकडे एका हळदीला मी डिस्टॉर्शन (आवाज फाडून जाडाभरडा करणारं पेडल) पूर्ण उघडून जाड तारांवर सुरुवातीचा तुकडा वाजवत होतो. प्रत्येक सुराच्या आधी 'चिर्र'. साउंडवाल्याने दोन केबली बदलल्या, मी पेडलची बॅटरी बदलली, तरी तेच. शेवटी शेजारचा ढोलकीवाला वाकून म्हणाला, "रे, तू तार वाजवतंस काय खोबरा किसतंस?"

रात्री घरी येऊन दिव्याखाली बघितलं. माझं पिक तारेवर इतकं तिरकं पडत होतं की त्याची कड तारेच्या लांबीला घासत जात होती. आता तारांचा १०-४६ चा सेट घ्या (सगळ्यात बारीक तार इंचाच्या १० हजारांश, सगळ्यात जाड ४६ हजारांश): खालच्या तीन तारा साध्या पोलादाच्या, वरच्या तीन जाड तारांवर बारीक तार गुंडाळलेली. त्या वळशांवरून पिकची कड सरकली की किसणीच झाली. वर डिस्टॉर्शन. ते मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज वर काढतं, त्यामुळे एरवी ऐकूही न येणारी चिर्र सुराच्या बरोबरीने बाहेर येते.

तेव्हापासून माझी सवय अशी: जाड तारांवर पिक जवळजवळ सपाट, म्हणजे तारेला समांतर, बारीक तारांवर थोडं तिरकं चालतं. बोटांतून पिकचं टोक तीन-चार मिलिमीटर बाहेर, जास्त नाही. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा जोर, तुम्हाला आवडतो त्याच्या निम्मा. आणि रोज दहा मिनिटं मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून, डिस्टॉर्शन बंद करून, एकच जाड तार. सुराकडे लक्ष द्यायचं नाही, सुराच्या आधी काय वाजतं ते ऐकायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ज्यांना दोन आठवड्यांत सोलो हवा असतो तेच सहा महिन्यांनी पुन्हा हीच तक्रार घेऊन येतात.

तार अजून हलत असताना तिच्यावर पिक आधीच टेकवून ठेवलं तरी अशीच झिर्र येते. टेकवायचं आणि सोडायचं, मध्ये थांबायचं नाही.

दुसरी चूक खास आपल्या पावसाची. वीज जाते, अँप बंद, मग पोरं ओसरीवर तशीच वाजवतात. बाहेर पत्र्यावर पाऊस धो-धो, आपल्याला ऐकू यावं म्हणून हात जोरात पडतो. वीज येते, हात मात्र तसाच राहतो. मी अशा वेळी गिटारच्या अंगाच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर हनुवटी टेकवतो. लाकडातून हाडांत सूर उतरतो, हलक्या हातानेही स्वच्छ ऐकू येतं. घरचे हसतात, हसू देत.

आणि मोबाइल गिटारशेजारी ठेवून रेकॉर्डिंग करू नका. मोबाइल हवेतून प्लास्टिकची टकटक पकडतो. गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेला आवाज पकडणारा भाग, चुंबकावर चालतो, त्याला फक्त पोलादी तारेचं हलणं कळतं. अँप मोठा करून मोबाइल त्याच्यासमोर ठेवा, निम्मी टकटक तिथेच मरते.

झिजलेलं पिक फेकून द्या. कडेवरून नख फिरवा, अडकलं तर ते पिक गेलं. घाई असेल तर जुन्या जीनच्या कापडावर जोरात घासून घ्या, तेवढी रात्र निभावते. ०.४६ मिलिमीटरचं पातळ पिक फडफडतं, मी ०.८८ चं वापरतो.

खारी हवा आणि मे महिन्याचा घाम तारांना गंज चढवतात, आणि गंजलेली तार खरखरणारच. वाजवून झालं की कोरड्या पंच्याच्या तुकड्याने एकेक तार चिमटीत धरून पुसायची. खोबरेल लावू नका! एकाने लावलं होतं, आठवड्यात तारांवर काळा थर.

टोन नॉब दहावरून सातवर आणा, गळ्याकडचा पिकअप लावून बघा. फुकटचे उपाय आहेत म्हणून कोणी करत नाही.

राहिला नॉइज गेट, म्हणजे आवाज बारीक झाला की तो पूर्ण बंद करणारं पेडल. गेट फक्त दोन सुरांमधली शांतता राखतो. तुमची टकटक सुराबरोबरच येते, आणि त्या क्षणी गेट उघडाच असतो.