ब्रोमेलियाड आणि पानझडी ओक यांची तुलना कशी करावी

कुंडीतला ब्रोमेलियाड (अननसाच्या कुलातली वनस्पती) आणि उघड्यावर वाढणारा ओक यांची तुलना करायला बसलेला माणूस बहुधा आकारापासून सुरुवात करतो: एक हातभर उंच, दुसरा वीस-तीस मीटर, एक काही वर्षांचा, दुसरा काही शतकांचा. या नोंदी खऱ्या असल्या तरी त्यांतून पुढे काही उलगडत नाही. माझ्या मते दोघांनाही आरंभी एकच प्रश्न विचारावा: पाणी मिळेनासे होते तेव्हा याची सोय काय? घरात ठेवले जाणारे बरेचसे ब्रोमेलियाड मूळचे उष्ण कटिबंधी अमेरिकेतल्या जंगलांत, दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर राहणारे आहेत. तिथे माती जवळजवळ नसते आणि पाऊस थांबला की बसायची जागा लवकरच कोरडी पडते. ओकच्या वाट्याला माती भरपूर येते, पण हिवाळ्यात तिच्यातले पाणी गोठते किंवा इतके थंड होते की मुळांना ते पुरेसे ओढून घेता येत नाही. एकाची टंचाई वारंवार आणि अवचित येते, दुसऱ्याची वर्षातून एकदा आणि ठरल्या ऋतूत. पान, मूळ, खोड आणि आयुष्य यांतले बहुतेक महत्त्वाचे फरक या एका गोष्टीशी जोडून पाहता येतात.

निरीक्षणाआधी नेमकी जाती ठरवून घ्यावी. ब्रोमेलियाड हे एका मोठ्या कुलाचे नाव आहे; त्यात ३,५०० हून अधिक जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतली एक जाती सोडली तर त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडांतल्या आहेत. जमिनीत वाढणारा अननस याच कुलातला, आणि मातीशिवाय नुसत्या हवेवर टांगता येणारा टिलँडसियाही याच कुलातला. तुलनेसाठी पानांच्या मधोमध पाणी साठवणारा एखादा प्रकार, म्हणजे एकमिया किंवा गुझमानिया, सर्वांत सोयीचा ठरतो. ओकच्याही ५०० च्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्याच पानझडी नाहीत. भूमध्य सागराच्या परिसरातला होल्म ओक आणि हिमालयातला बांज हे सदाहरित आहेत. म्हणून क्वेर्कस रोबर (युरोपातला नेहमीचा ओक) किंवा अमेरिकेतला पांढरा ओक यांसारखी पक्की पानझडी जाती निवडावी. वहीच्या पहिल्या पानावर साम्य लिहावे, कारण ते नंतर विसरले जाते: दोन्ही सपुष्प वनस्पती आहेत, दोघांनाही फुले आणि फळे येतात, मात्र ब्रोमेलियाड एकदल आहे, ओक द्विदल.

साहित्य फारसे लागत नाही. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, धारदार पाते आणि तारीखवार नोंदींची वही पुरे. वेळ मात्र वर्षभराचा द्यावा, कारण ओकला एकाच ऋतूत पाहून केलेली तुलना अर्धवट राहते.

पहिली नोंद पानाची करावी. ब्रोमेलियाडचे पान पट्ट्यासारखे असते, त्याच्या शिरा समांतर धावतात आणि पानाचा तळ रुंद होऊन शेजारच्या पानाला घट्ट बिलगतो, त्यामुळे मध्ये पेल्यासारखी जागा तयार होते. त्या पेल्यात थोडे पाणी ओतून ते गळते का हे पाहावे. निरोगी रोपात ते टिकून राहते. मग पानाच्या तळाकडचा भाग भिंगाखाली धरावा. तिथे दिसणारे बारीक पांढरट खवले हे या वनस्पतीचे पाणी पिण्याचे खरे साधन आहे; पेल्यातले पाणी आणि त्यात कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून सुटलेली पोषकद्रव्ये त्यांच्यावाटे पानात शिरतात. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर करड्या रंगाच्या टिलँडसियाच्या पानावर पाण्याचा थेंब ठेवावा: खवले भिजताच पारदर्शक होतात आणि तेवढी जागा हिरवी दिसू लागते. इतका सोपा आणि इतके काही सांगणारा प्रयोग वनस्पतिशास्त्रात क्वचितच सापडतो, म्हणून तो चुकवू नये.

ओकचे पान उजेडासमोर धरले की शिरांचे जाळे दिसते. कडा गोलाकार खंडांत विभागलेली असते, आणि पातळ, रुंद पाते भरपूर प्रकाश व भरपूर पाणी गृहीत धरून बनलेले असते. असे पान हिवाळ्यात सांभाळणे झाडाला परवडत नाही. शरद ऋतूत हरितद्रव्य मोडले जाते, नत्राचा मोठा भाग फांदीत परत ओढला जातो आणि देठाच्या तळाशी विलग होणारा पेशींचा थर तयार होतो. कोवळ्या ओकवर आणि मोठ्या झाडाच्या खालच्या फांद्यांवर वाळलेली पाने वसंतापर्यंत लटकलेली दिसली, तर झाड आजारी आहे असे समजू नये; ओकमध्ये हे नेहमीचे आहे. ब्रोमेलियाडची बाहेरची पानेही तपकिरी होऊन वाळतात, पण ती वयामुळे एकेक करून जातात, ऋतूबरोबर एकदम नाही. वहीत या दोन प्रकारच्या पानगळीसाठी वेगळे रकाने ठेवावेत.

पानांविषयी आणखी एक फरक पुस्तकांत वारंवार येतो आणि तो सरसकट लिहिला की चूक होते. अनेक ब्रोमेलियाड पर्णरंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून तो वापरतात. त्यामुळे बाष्पाचा व्यय फार कमी होतो. एकमिया असे करतो, पण गुझमानियाच्या बहुतेक जाती ओकप्रमाणेच दिवसा रंध्रे उघडतात. म्हणून हा मुद्दा निवडलेल्या जातीपुरताच लिहावा.

मुळांची तुलना थोडक्यात आटोपते. फांदीवर राहणाऱ्या ब्रोमेलियाडची मुळे मुख्यतः आधार धरण्यासाठी असतात. ओकचे रोप आधी सोटमूळ खोल सोडते. पुढे मोठ्या झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरांत दूरवर पसरतात आणि बुरशीशी भागीदारी करून पाणी व क्षार मिळवतात.

खोडापाशी मात्र थांबावे, कारण इथे ओकचे उत्तर सर्वांत स्पष्ट वाचता येते. एक लहान डहाळी घेऊन तिच्या टोकाला पाहावे: ओकच्या टोकाशी एक नसून कळ्यांचा झुबका असतो. त्याखाली डहाळीला वेढणाऱ्या बारीक कड्यांसारख्या खुणा दिसतात. त्या आधीच्या वर्षांच्या टोकाच्या कळ्यांच्या आहेत, आणि दोन खुणांमधले अंतर म्हणजे साधारणपणे एका वर्षाची वाढ. डहाळी आडवी कापली तर मधला गाभा पाच टोकांच्या ताऱ्यासारखा दिसतो. मोठ्या लाकडाचा आडवा छेद मिळाला तर प्रत्येक वर्षवलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग दिसेल. वसंतातले पाणी याच रुंद नळ्यांतून वर जाते; कडाक्याच्या थंडीत त्यांत हवेचे बुडबुडे अडकून त्या निकामी होतात आणि पुढच्या वसंतात झाड नव्या नळ्या तयार करते. ओकला पालवी इतर अनेक झाडांपेक्षा उशिरा फुटते, ती यामुळेच. ब्रोमेलियाडचे खोड आखूड आणि पानांत दडलेले असते. त्यात वर्षागणिक लाकूड चढवणारा थर नाही, त्यामुळे वलयेही नाहीत. त्याच्या वयाची खूण खोडात शोधण्यात वेळ घालवू नये.

आयुष्याची तुलना करताना आधी एकक ठरवावे. ब्रोमेलियाडचा प्रत्येक पर्णगुच्छ सामान्यतः एकदाच फुलतो. रंगीत सहपत्रे, म्हणजे फुलांजवळची पानांसारखी अंगे, काही महिने टिकतात, मग तो गुच्छ हळूहळू मरतो, पण त्याआधी बुडाशी पिल्ले फुटतात आणि बेट पुढे चालू राहते. अँडीज पर्वतातली पुया रायमोंडी ही याच कुलातली महाकाय जाती अनेक दशके वाढून एकदाच फुलते. ओक याच्या उलट आहे: पहिली फळे यायला बहुधा वीस ते चाळीस वर्षे लागतात, आणि त्यानंतर काही शतके तेच झाड पुन्हा पुन्हा फळते, एखाद्या वर्षी अमाप तर मधली वर्षे बेताने. म्हणून एका गुच्छाचे वय आणि एका ओकचे वय शेजारी मांडणे मला योग्य वाटत नाही. बेट आणि वृक्ष यांची जोडी लावावी.

या नोंदींतूनच संगोपनाचे नियम निघतात. ब्रोमेलियाडच्या पेल्यात थोडे ताजे पाणी ठेवावे, ते वेळोवेळी ओतून बदलावे म्हणजे कुजट वास येत नाही व डासांच्या अळ्या वाढत नाहीत, आणि कुंडीतले भुसभुशीत मिश्रण केवळ दमट राहू द्यावे. तांबेयुक्त बुरशीनाशक त्याला घातक ठरते, ते जवळपासही फवारू नये. पिल्लू आईच्या निम्म्याइतके झाल्यावरच वेगळे करावे. ओकला घरात ठेवण्याचा मोह आवरावा, कारण हिवाळ्याच्या थंडीशिवाय त्याचे वर्षचक्र बिघडते. बी लावायचे असेल तर ओकचे फळ वाळू देऊ नये, वाळले की ते उगवण्याची शक्ती गमावते. पांढऱ्या ओकच्या गटातली फळे शरद ऋतूतच मूळ सोडतात, म्हणून ती लगेच पेरावीत. तांबड्या ओकच्या गटातल्या फळांना आधी काही आठवडे ओलसर गारव्यात ठेवावे लागते. पेरल्याची तारीख ब्रोमेलियाडच्या पहिल्या पिल्लाच्या तारखेशेजारीच लिहावी, म्हणजे पुढच्या वर्षीची वही याच पानापासून सुरू करता येईल.