चरबी कमी करताय? या चुका टाळा

भात-पोळी एकदम तोडली की पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो. त्यात चरबी फार तर अर्धा किलो. यकृत आणि स्नायू मिळून शरीरात चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (भात-पोळीतून मिळणाऱ्या साखरेचा राखीव साठा) असतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. मग एखादं लग्नाचं जेवण होतं, दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर चढतो आणि ‘आपल्याच्याने हे होणार नाही’ म्हणून माणूस सगळंच सोडून देतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एका पंगतीत तेवढं जास्तीचं कुणाच्या पोटात जात नाही. वाढलं ते मुख्यतः पाणी. घाम काढणाऱ्या पट्ट्यांनी ‘उतरतं’ तेही पाणीच.

नुसत्या काट्यावर विश्वास

वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा आणि सात दिवसांची सरासरी बघा. बायकांचं वजन पाळीच्या आधी पाण्यामुळे वाढतं, म्हणून मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी तुलना करावी.

काट्यासोबत शिंप्याची टेप हवीच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडून झाल्यावर माप घ्या. पोट आत ओढू नका. पँटचा नंबर इथे कामाचा नाही, कारण पँट पोटाच्या खाली बसते. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमी ही धोक्याची रेषा.

वजन ‘नॉर्मल’ आहे म्हणून निर्धास्त राहणं आपल्याला तर अजिबात परवडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असा बांधा आपल्या प्रत्येक घरात सापडेल. पोटातल्या अवयवांभोवतीची ही चरबीच मधुमेहाकडे नेते.

पोळी मोजली, तेल मोजलंच नाही

सगळ्यात मोठी गळती इथे आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी होतात. एक पोळी कमी केल्याने वाचतात शंभरेक. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. ती किती दिवस पुरली यावरून खरा हिशेब कळतो.

किटलीतून धार सोडून फोडणी करू नका. पसरट कढईत तीन चमचे तेल तळभर पसरतं, मोहरी कोरडी पडून करपते, आणि म्हणून हात आपोआप सैल सुटतो. तेवढंच तेल छोट्या फोडणीच्या पळीत घ्या: मोहरी बुडते, नीट तडतडते, आणि चौघांच्या भाजीला ते पुरतं. दाण्याच्या कुटाचंही तसंच. दोन मोठे चमचे म्हणजे २० ग्रॅम कूट, ११५ कॅलरी.

उपासाला ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ होऊ देऊ नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत त्यावर तूप, बटाटा आणि कूट.

प्रथिनांकडे दुर्लक्ष

खाणं निम्मं केलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. चेहरा ओढल्यासारखा होतो, केस गळतात, पोट मात्र फारसं हलत नाही. वजन उतरवताना दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम तरी प्रथिनं हवीत. ६० किलोच्या बाईला रोज ७२ ग्रॅम. दोन पोळ्या, भाजी, थोडा भात आणि पातळ वरण एवढ्या ताटात जेमतेम १५ ग्रॅम असतात. वरण घट्ट करा. ४० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून ९ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२, २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांतून १३ ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्नायू टिकवायचे तर त्यांना कामही द्या. आठवड्यातून दोनदा बैठका, जोर किंवा वजनं उचलणं पुरेसं आहे. पोटाचे शंभर व्यायाम करून पोटावरचीच चरबी जात नाही. ती कुठून आधी निघेल ते शरीर ठरवतं. अर्धा तास भरभर चालणं उत्तम, पण त्यात दीडशेच्या आसपास कॅलरी जातात. परतताना खाल्लेला एक वडापाव त्याहून जास्त देतो.

घाई

रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर पंधरा दिवसांत एक किलो चरबी जाते. याहून फार वेगाने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मनाने जेवण सोडू नका, साखर एकदम उतरू शकते.

तीन-चार आठवडे कंबरही हलली नाही आणि वजनाची सरासरीही, तर लगेच आणखी एक जेवण तोडू नका. हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते हे खरं, पण आधी तेलाच्या पिशवीवरची तारीख बघा, चहातली साखर मोजा, शनिवार-रविवारचं खाणं लिहून काढा. एवढं करूनही हिशेब जुळत नसेल, तर थायरॉइड तपासून घ्या.