काकूंच्या फराळाचं पान: वेब प्रोग्रामिंग असं शिकायला घ्या

इंदूरला आमच्या रामबागेत कोडिंग शिकू पाहणारी पोरं हटकून विचारतात, "कुठलं टूल घेऊ?" मी म्हणतो, आधी गिऱ्हाईक शोधा. मी स्वतः सहा महिने नुसते व्हिडिओ बघत बसलो होतो. वही भरली, पान एकही झालं नाही. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला एक साइट करून दे रे." तिथून खरं शिकणं सुरू झालं.

तर असं कुणाचं तरी काम हातात घ्या आणि मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा फुकट एडिटर उतरवून घ्या. ब्राउझर असतोच. नोटपॅडवरही भागतं, पण तिथे फाइलच्या नावामागे 'डॉट टीएक्सटी' गुपचूप चिकटतं आणि मग पानाऐवजी कोडच दिसतो.

'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नावाची फाइल करा, उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबा. पानाचा सांगाडा तयार! त्यात भाषेच्या जागी 'ईएन' असतं, ते 'एमआर' करा. 'यूटीएफ-८'ची ओळ (अक्षरं कशी वाचायची हे ब्राउझरला सांगणारी) मात्र चुकूनही पुसू नका. ती गेली की 'चकली'च्या जागी गिचमीड दिसू शकते. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी घ्या आणि ओळी जरा सैल ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना टेकतात.

शिकायला फ्रीकोडकॅम्प ही साइट बरी: ब्राउझरमध्येच कोड लिहायचा, तिथेच तो तपासून मिळतो. ओडिन प्रोजेक्ट हा दुसरा ऑनलाइन कोर्स जास्त घाम काढतो, कारण सगळी मांडामांड स्वतःच्या मशीनवर करायला लावतो; तो दोन महिन्यांनी घ्या. दोन्ही फुकट आहेत, पण एका वेळी एकच धरा. अडलं की मोझिलाचं एमडीएन, म्हणजे वेबच्या भाषांची माहिती देणारी साइट, उघडा. इंग्रजी आहे, पण उदाहरणं बघून कळतं. इंदूरच्या भंवरकुआँ भागात क्लास लावायचा असेल तर फी भरण्याआधी एवढंच विचारा: शेवटी माझं पान चालू होईल का?

जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाकडून हिशोबासारखी कामं करून घेणारी भाषा, मात्र सावकाश घ्या. ही भाषा १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केली, आणि तिच्या काही खोडी अजून गेलेल्या नाहीत. चकली ३ किलो, चिवडा २ किलो. माझ्या पानाने एकूण वजन दाखवलं ३२ किलो! चौकटीत भरलेला आकडा तिच्या लेखी मजकूर असतो, आणि मजकुराची बेरीज म्हणजे शेजारी शेजारी चिकटवणं. मजकुराचा आकडा करणाऱ्या 'नंबर' फंक्शनमधून काढल्यावर पाच आले. मग काकूंनी मराठी कीबोर्डवरून देवनागरी ३ टाकला आणि उत्तर आलं 'नॉट अ नंबर'. आपला तीन तिला वाचताच येत नाही. शेवटी मी सरळ निवडायची यादी दिली, टाइप करायला जागाच ठेवली नाही.

असल्या भानगडी ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून उघडणाऱ्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, सापडतात. लाल ओळ दिसली की आधी ती वाचा. एआयला विचाराल तर त्या ओळीचा अर्थ विचारा. सगळं पान त्याच्याकडूनच लिहून घेतलंत तर पुढची चूक तुम्हाला सापडणार नाही.

पान जगाला दाखवायला गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, शिका. ॲड, कमिट, पुश (बदल निवडा, नोंदवा, पाठवा) या तीन आज्ञांवर महिनाभर निभतं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या 'पेजेस' सोयीवर असं साधं पान फुकट राहतं. मात्र फुकट खात्यात त्यासाठी कोड सगळ्यांना खुला ठेवावा लागतो, तेव्हा पासवर्ड, गिऱ्हाइकांचे पत्ते त्यात ठेवू नका. ऑर्डरी घेऊन साठवायला वेगळा संगणक, म्हणजे सर्व्हर, कशाला? व्हॉट्सॲपची लिंक पुरते.

काकूंनी मोबाइलवर पान उघडलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सगळं छान. पण इंदुरात राहून शेव विसरलास?"

शेव जोडली, पुन्हा पुश केलं. चहा होईपर्यंत पानावर आली.