बिग सर मॅरेथॉन धावताना: चढ, उतार आणि समोरचा वारा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत जाणाऱ्या हायवे १ वर, बिग सरहून उत्तरेला कार्मेलपर्यंत धावली जाणारी ही मॅरेथॉन १९८६ साली सुरू झाली. अंतर नेहमीचेच, ४२.१९५ किलोमीटर, परंतु सपाट शहरी मॅरेथॉनमधील आपली वेळ येथे लक्ष्य म्हणून धरू नये. अशा मार्गावर किलोमीटरमागची मिनिटे न मोजता श्रम मोजावेत, म्हणजे चढावर वेग कमी होऊ द्यावा आणि श्वासाची लय मात्र शक्यतो तीच ठेवावी.

तयारीत बहुतेक जण चढांचा सराव करतात आणि उतार विसरतात. वास्तविक मांडीच्या पुढच्या स्नायूंची खरी झीज उतारावर होते, कारण पाऊल टेकताना शरीर रोखण्यासाठी ते स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात. उताराच्या सरावाने ते या ताणाला सरावतात आणि तो परिणाम काही आठवडे टिकतो. म्हणून लांब पल्ल्याच्या सरावात, विशेषतः शेवटच्या टप्प्यात पाय थकलेले असताना, उतार घ्यावेत. मात्र उताराचा शेवटचा कठीण सराव स्पर्धेच्या दोन ते तीन आठवडे आधी संपवावा.

स्पर्धा एप्रिलच्या अखेरीस असते. धावपटूंना पहाटेच्या अंधारात बसने प्रारंभस्थळी नेले जाते आणि तेथे थंडीत बराच वेळ थांबावे लागते, त्यामुळे टाकून देता येईल असा जुना स्वेटर अंगावर असावा. सुरुवातीचे काही किलोमीटर रेडवूडच्या उंच झाडांमधून हलक्या उताराने जातात. पाय ताजे, हवा थंड, रस्ता उतरता; याच ठिकाणी स्वतःला आवरणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण येथे मिळवलेला एकेक मिनिट पुढे दामदुपटीने फेडावा लागतो.

झाडी संपली की मोकळा किनारा आणि वारा सुरू होतो. वारा बहुधा वायव्येकडून, म्हणजे समोरूनच येतो. एकट्याने त्याच्याशी झुंजण्यापेक्षा समान वेगाच्या गटात, कोणाच्या तरी पाठीमागे धावावे आणि आपली पाळी आली की पुढेही व्हावे. टोपी घट्ट बसणारी हवी.

सोळाव्या किलोमीटरच्या आसपास हरिकेन पॉइंटचा चढ लागतो. सुमारे तीन किलोमीटरमध्ये दीडशे मीटरहून अधिक उंची गाठायची असते, आणि पायथ्याशी वाजणारे जपानी ताइको ढोल पावलांना नको तेवढी घाई करायला लावतात. पावले आखूड ठेवावीत, कमरेतून वाकू नये, नजर पुढच्या वळणावर ठेवावी. दम लागला तर थोडे चालण्यात कमीपणा मानू नये. माथ्यावरून बिक्सबी पुलाकडे उतरताना पाय शरीराच्या फार पुढे टाकू नयेत, लहान आणि भरभर पावले टाकावीत. १९३२ साली पूर्ण झालेल्या या काँक्रीटच्या कमानी पुलाजवळ अर्धे अंतर संपते आणि तेथे ग्रँड पियानोचे सूर ऐकू येतात. येथे क्षणभर थांबून मागे वळून समुद्र पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इतक्या दूरवर येऊन केवळ घड्याळ पाहणे हा या किनाऱ्यावर अन्याय आहे.

खरी परीक्षा मात्र यानंतरची आहे. कार्मेल हायलँड्समधील लहान लहान चढउतार नकाशावर किरकोळ दिसतात, पण ते तिसाव्या किलोमीटरनंतर येतात. वळणांवर रस्ता एका बाजूला कललेला असतो, त्यामुळे एका पायावर अधिक भार येतो. वाहतूक बंद असल्याने शक्य तेथे रस्त्याचा सपाट भाग निवडावा. थंड वाऱ्यामुळे घाम जाणवत नाही आणि खाण्यापिण्याचे भान सुटते. त्यासाठी सुरुवातीपासूनच ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके, सरावात पोटाला मानवलेल्या जेलमधूनच (धावताना खाण्याच्या गोड, घट्ट पाकाच्या पुड्या), घ्यावीत. पाणी तहानेप्रमाणे प्यावे, अति पिऊ नये. शेवटच्या दोन किलोमीटरांतही एक चढ आहे, त्यासाठी थोडा जोर राखून ठेवावा.

शर्यत संपताच लगेच बसू नये. ओले कपडे बदलून, अंगावर काहीतरी उबदार घेऊन दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे.