टायटल सर्च आणि मृत्युपत्राचं काम शिकताय? मग नाव लागलं कसं ते आधी शोधा

एलएलबी झालंय, सनद हातात आलीये आणि आता प्रॉपर्टीच्या कामात पडायचंय अशा लोकांसाठी लिहितेय. ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी, रजिस्ट्रेशन, हिंदू सक्सेशन या सगळ्याचे पेपर तुम्ही देऊन बसलेले असणार, त्यामुळे खरेदीखत रजिस्टर का करायचं वगैरे सांगत बसत नाही. मी तालुक्याच्या गावी काम करते. बँकांचे सर्च रिपोर्ट (म्हणजे मालकीचे जुने कागद तपासून दिलेले अहवाल), खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोड (मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त), मृत्युपत्रं, येईल ते. अजूनही जाड फाईल समोर आली की पोटात गोळा येतो, तेव्हा हे कुणा पोचलेल्या वकिलाने लिहिलेलं नाही असं धरूनच वाचा.

सुरुवातीला पैसे मिळत नाहीत. मिळाले तर पेट्रोलला जातात. हे आधीच सांगून टाकलं, पुढे जाऊ.

सातबारा हा मालकीचा पुरावा नाही, हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलंय आणि परीक्षेत लिहिलंयही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५७, अधिकार अभिलेखातली नोंद खरी आहे असं धरायचं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीने, मालकी मिळत नाही आणि जातही नाही, ती महसुलाच्या सोयीची नोंद आहे, हेही सुप्रीम कोर्टाने कितीदा सांगून झालंय. पण टेबलावर डिजिटल सहीचा स्वच्छ सातबारा येतो, एकच नाव, बोजा नाही, इतर हक्काचा रकाना रिकामा, आणि डोकं आपोआप 'क्लिअर आहे' म्हणून मोकळं होतं. मी तिथेच अडकायचे, आणि माझ्यासोबत लागलेले बहुतेक जण तिथेच अडकलेले बघितलेत, म्हणून यावर जरा जास्तच लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

सातबाऱ्यावर नाव असतं, ते नाव लागलं कसं हे नसतं. ते असतं गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात फेरफार नंबर असायचा. आताच्या छापील उताऱ्यात नावाच्या ओळीत एक नंबर असतो आणि खाली 'जुने फेरफार क्र.' म्हणून नंबरांची रांग असते. नवीन माणूस ती रांग सोडून देतो. ती रांग म्हणजेच तुमचं काम आहे, बाकी सगळं टायपिंग.

समजा एक गट आहे, आज एकाच माणसाच्या नावावर. तुम्ही एकेक नंबर मागे जात १९६१ च्या फेरफारापाशी पोचलात. तिथे तलाठ्याच्या वळणदार अक्षरात साधारण असं असतं: खातेदार मयत, वारस विधवा पत्नी, मुलगे तीन, मुली दोन, पैकी थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल, विधवा व मुलींची नावं इतर हक्कात. म्हणजे थोरला हा एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलाय, एकटा मालक म्हणून नाही. पुढे काय होतं बघा. पूर्वी सातबारे दर दहा वर्षांनी नव्याने लिहून काढायचे. एका पुनर्लेखनात ते 'ए.कु.मॅ.' गळालं. त्याच्या पुढच्या वेळी इतर हक्कातली बायकांची नावं गळाली. कुणी अर्ज केला नाही, कुणी हुकूम काढला नाही, उतरवून घेताना राहून गेलं एवढंच. मग थोरला वारला, त्याच्या मुलाचा वारस फेरफार झाला, बापाच्या नावाला कंस पडला, म्हणजे ते नाव कमी झालं, आणि मुलाचं नाव लागलं. मग संगणकीकरण झालं आणि जे शेवटचं होतं तेच कॉम्प्युटरवर चढलं. आता हा मुलगा सगळं क्षेत्र विकायला निघालाय, आणि तुमचा क्लायंट टोकनचे पैसे देऊन बसलाय.

या जमिनीत किती जणांचा हक्क आहे याचा हिशोब तुम्हाला करावा लागतो. म्हातारा १७ जून १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारला आणि जमीन त्याची स्वतःची, स्वकष्टाची होती, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ ने विधवा, तीन मुलगे, दोन मुली मिळून सहा वाटे, प्रत्येकी १/६ (त्याची आई हयात असेल तर तीही वाटेकरी, हे हमखास विसरतात). जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर मात्र त्याच्या मरणाच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं समजायचं, त्यात आपल्याकडे बायकोलाही वाटा, म्हणजे पाच वाटे, त्याचा १/५, आणि तो १/५ सहा जणांत, म्हणजे मुलीच्या हाती १/३०. हे सुप्रीम कोर्टाने १९७८ साली गुरुपाद मगदूम केसमध्ये बसवून दिलेलं गणित आहे. एकच फेरफार, पण १/६ की १/३० हे जमीन म्हाताऱ्याकडे कशी आली त्यावर, म्हणजे पुन्हा आणखी मागच्या फेरफारावर. आणि इथेही थांबता येत नाही, कारण वाटप झालेलंच नसेल तर ९ सप्टेंबर २००५ नंतर मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वाटेकरी, बाप त्या तारखेला जिवंत असो नसो, हे ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं झालंय. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री किंवा रीतसर वाटप शाबूत राहतं. महाराष्ट्राची स्वतःची १९९४ ची दुरुस्तीही आहे, पण ती त्याआधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. या तारखा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवा, खरंच, मी अजून काढलेला नाहीये तो कागद.

तर करायचं काय, तर प्रत्येक नावाची जन्मपत्रिका काढायची. नाव आलं कुठल्या फेरफाराने, गेलं कुठल्या फेरफाराने. जे नाव फेरफाराशिवायच नाहीसं झालंय तिथे पेन थांबलं पाहिजे. कधीकधी ती निव्वळ लेखनचूक असते आणि जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडून दुरुस्त होते, पण दुरुस्तीच्या नावाखाली भलत्याच नावांना कंस पडलेलेही सापडतात, तेव्हा १५५ चा आदेश दिसला की आदेशाची प्रत मागा, नुसत्या नोंदीवर जाऊ नका. जमीन कुळकायद्यातून आलेली दिसली की त्या कायद्याच्या ३२ म चं सर्टिफिकेट (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) आणि कलम ४३ ची विक्रीवरची अट बघा. भोगवटादार वर्ग २ दिसला की विक्रीच्या परवानगीशिवाय पुढे बोलूच नका.

घाबरलात का? घाबरू नका. हे सगळं ऐकायला भयंकर वाटतं पण दहा-बारा फायली अशा खणून काढल्या की हाताला सवय लागते, आणि गंमत म्हणजे मग हेच आवडायला लागतं, एखादं घर तीन पिढ्या कसं भांडलं ते त्या वहीत वाचायला मिळतं.

हाच गोंधळ फ्लॅटमध्ये नॉमिनीच्या रूपाने येतो. घरोघरी लोक ठामपणे सांगतात, बाबांनी मला नॉमिनी केलंय, फ्लॅट माझा. नाही. नॉमिनी हा सांभाळणारा, वारस ठरतात ते वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. विम्यासाठी हे १९८३ मध्येच सरबती देवी निकालात आलं, शेअर्ससाठी डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी निकालात आलं (विम्यात २०१५ नंतर नवरा-बायको, आईवडील, मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच, तेवढा अपवाद लक्षात ठेवा). आपल्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला आलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या प्रकरणात तर नॉमिनीला तात्पुरता सभासदच म्हटलंय, वारस ठरेपर्यंतचा. तरी सोसायटीचा सेक्रेटरी शेअर सर्टिफिकेटच्या मागे नाव चढवून देतो आणि तो माणूस तेवढ्यावर फ्लॅट विकायला काढतो. इथेही प्रश्न तोच, नाव लागलं कसं.

मृत्युपत्राबद्दल. स्टँप लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण दोन साक्षीदार लागतातच आणि प्रत्येकाने करणाऱ्याला सही करताना बघितलेलं असावं किंवा त्याने 'ही सही माझी' असं त्यांना सांगितलेलं असावं, आणि मग त्याच्या समोर साक्षीदारांनी सह्या करायच्या. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६३. 'नोटरी करून घेतलंय' म्हणून निवांत बसलेले लोक येतात, साक्षीदार एकच, काय उपयोग? साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान बघा, कारण कोर्टात मृत्युपत्र शाबित करायला किमान एका साक्षीदाराला उभं राहावं लागतं, आणि बरोबरीचे मित्र तोवर उरत नाहीत. ज्याला मिळकत मिळणार त्यालाच साक्षीदार केलं तर त्याचा हिस्सा रद्द होतो असं रील्सवर सांगतात, ते कलम ६७ हिंदूंना लागूच नाही, त्याच कायद्याची तिसरी अनुसूची उघडून बघा. पण म्हणून तसं करू नका, उलटतपासणीत चामडी सोलतात. आणि मृत्युपत्रावर घरात वाद असेल तर तलाठ्याकडे फेरफार घालून काही साधत नाही, दिवाणी कोर्टातच हक्क ठरवून घ्यावा लागतो, जितेंद्र सिंग निकाल, २०२१.

इंटरनेटवरचे तयार नमुने वापरायचे का, तर वाचायला वापरा. मी बघितलेल्या अर्ध्या नमुन्यांत चतुःसीमा नसते, गट नंबर असतो पण क्षेत्र नसतं, आणि करणाऱ्याकडे मिळकत कशी आली याची एक ओळ नसते. 'इस्टेट प्लॅनिंग सर्टिफिकेट कोर्स' वाल्यांबद्दल माझं मत वाईट आहे, ते लिहीत नाही. हक्कसोडबद्दल मात्र लिहिणार. बहिणींना गाडीत घालून आणतात, अंगठा-सही घेतात, चहा पाजून परत पाठवतात. तुम्ही दस्त करताय ना, मग तिला बाजूला बसवून मोठ्याने वाचून दाखवा, भाऊ कितीही घड्याळ बघत असला तरी. काही जणी वाचून झाल्यावर उठून जातात. तुमची फी बुडते, बुडू दे.

सीनियर कसा बघावा? नावाजलेला नको, नोंदवही उघडून शेजारी बसवणारा हवा. तो मिळाला नाही तरी अडत नाही. मला जुनी अक्षरं वाचायला दुय्यम निबंधक ऑफिससमोर बसणाऱ्या दस्तलेखक काकांनी शिकवलं, आणि कुठल्या कपाटात कुठली वही हे रेकॉर्ड रूमच्या शिपायाने. वकिली कोट घालून तिथे रुबाब केलात तर नक्कल पुढच्या महिन्यात. तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, अर्जावर तसं लिहा, बोलताना भाऊसाहेबच म्हणा.

शेवटचं, कारण हे कुणी सांगत नाही. जुन्या फेरफाराची नक्कल मागितली की बऱ्याचदा उत्तर येतं, पान जीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही. तोंडी घेऊ नका, अर्जावर लेखी मागा, सहीशिक्क्याने. आधी 'आपले अभिलेख' या सरकारी साईटवर स्कॅन आहे का बघा, मग तहसीलच्या रेकॉर्ड रूमला, मग त्या साली झालेला एखादा रजिस्टर दस्त इंडेक्स दोनमधून, म्हणजे रजिस्टर दस्तांच्या सूचीतून, मिळतो का ते शोधा, कारण दस्ताच्या मजकुरात कधीकधी तो फेरफार जसाच्या तसा उतरवलेला सापडतो. तरीही नाहीच मिळालं तर तो लेखी दाखला रिपोर्टला जोडा आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की अमुक नंबरचा फेरफार पाहायला मिळाला नाही, त्यामुळे त्या नोंदीपुरतं मत देता येत नाही. बँकेचा मॅनेजर फोन करेल, 'मॅडम, ती ओळ काढा ना, लोन अडकलंय'. काढायची नाही.