शिष्यवृत्तीचा पेपर: वाडीवरच्या शाळेची तयारी

शिष्यवृत्ती परीक्षेचं पहिलं काम सरावसंचाचं नाही, आवेदनपत्राचं. ते मुख्याध्यापकांनी ऑनलाइन भरायचं, आणि भरायची वेळ येते तेव्हा आपल्याकडे भातकापणी चालू. पालक मळ्यात, मोबाइलला रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर. म्हणून गणपतीला मुंबईकर बाप घरी असतानाच आधार, पासबुक आणि शाळेचं जनरल रजिस्टर शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. खातं आधारशी जोडलेलं हवं. 2023 मध्ये रक्कम वाढून पाचवीला वर्षाचे 5,000 आणि आठवीला 7,500 रुपये झाले, ते खात्यातच येतात. शुल्क 200, मागासवर्गीयांना 125. काही जिल्हा परिषदा ते सेसमधून, म्हणजे स्वतःच्या निधीतून भरतात. आपली भरते का, केंद्रप्रमुखांना आधीच विचारा, नाहीतर शेवटच्या दिवशी गुरुजींचा खिसा आहेच.

आता परीक्षा पुन्हा चौथी-सातवीकडे निघाली आहे, पण माझा अनुभव पाचवी-आठवीचा. एका दिवसात दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण, 90 मिनिटं. म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. प्रत्येक पेपरात 40 टक्के लागतात. गणितात पोरगं कितीही तरबेज असो, दुसऱ्या पेपरात 60 च्या खाली आलं की संपलं. म्हणून त्या पेपरातलं इंग्रजी आणि बुद्धिमत्ता ‘मग बघू’वर ठेवू नका.

मुलं हरतात ती ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर. माझ्या एका विद्यार्थिनीने एक प्रश्न सोडला, गोल मात्र सोडला नाही. तिथून पुढची सगळी उत्तरं एक घर वर सरकली. तेव्हापासून मी दर शनिवारी कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर नुसते गोल रंगवून घेतो, निळ्या-काळ्या बॉलपेनने. आठवीच्या मुलांना बजावून सांगा, 20 टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात.

पेपर रविवारी असला तर गावात रात्री मुक्कामाला येणाऱ्या वस्तीच्या एसटीवर विसंबू नका. आदल्या दिवशीच सहा आसनी रिक्षा ठरवा. दोन पेनं, प्रवेशपत्र, पाणी, आणि मधल्या सुट्टीसाठी भाकरी-भाजी. वाटेत काजूचे बोंडू खाऊ देऊ नका, हात चिकट झाले की डाग थेट उत्तरपत्रिकेवर.

उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मुलाला मिळते. परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची लावते तेव्हा ताडून पाहायला आणि मुदतीत आक्षेप नोंदवायला तीच उपयोगी पडते. दप्तरात चुरगळण्याआधी ती काढून घ्या आणि पासबुकाच्या पिशवीत ठेवा.